नवगांवचे दोन उंचवटे : बेने इस्राएलांच्या आद्य दफनभूमीचा विचार

१

मुंबई बंदराच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, १९७० नंतर नवी मुंबई हें शहर वसविण्यांत आलें. ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील जुन्या गांवांच्या जमिनीवर तें उभें आहे. ह्या शहराच्या अगदीं शेजारीं असलेल्या पनवेल गांवांत बेने इस्राएल समाजाचें बेथ एल नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. तें १८४९ सालचें. पेण, अलिबाग, रेवदंडा येथील ह्या समाजाचीं प्रार्थनामंदिरेंहि एकोणिसाव्या शतकांतलींच. परंतु समाजांतील जाणत्या मनुष्यास, आपल्या लोकांचें ह्या किनाऱ्यावरील मूळ ठिकाण कोणतें, असें विचारलें तर तो पनवेलचें नांव सांगत नाहीं, पेणचेंहि सांगत नाहीं. तो नवगांवचें नांव सांगतो.

नवगांव हें अलिबाग तालुक्यांत, अलिबागेच्या उत्तरेस, किहीम व थळ ह्या गांवांच्या दरम्यान समुद्रकांठीं आहे. जिल्हा पूर्वींचा कुलाबा. १९८१ पासून त्यास रायगड म्हणतात. समोर समुद्रांत खांदेरी व उंदेरी हीं बेटें आहेत. १६७९ त शिवछत्रपतींनीं खांदेरीवर दुर्ग बांधावयास घेतला व पुढील सालीं सिद्दीनें उंदेरी बळकाविली, हा इतिहास वाचकांस विदित आहेच. त्याच किनाऱ्यावर नवगांवीं बेने इस्राएलांची एक पुरातन दफनभूमि असून तींत मातीचे दोन मोठे उंचवटे दाखविण्यांत येतात. फुटलेल्या गलबतांतील पुरुषांचीं प्रेतें एकाखालीं व स्त्रियांचीं दुसऱ्याखालीं पुरलेलीं आहेत, अशी समाजाची परंपरा आहे. उंचवट्यांवर नांव नाहीं, शक नाहीं, अक्षर नाहीं. अलीकडच्या काळांत समाजानें तेथें एक स्मारक उभारलें आहे. त्यावर लेख आहे. तो परंपरेचा लेख होय, प्राचीन पुरावा नव्हे, हें पुढील संशोधकांनीं ध्यानांत ठेवावें, म्हणजे शंभर वर्षांनीं घोटाळा होणार नाहीं.

अक्षर नसलेल्या ह्या दोन उंचवट्यांवरून काय सिद्ध होतें व काय सिद्ध होत नाहीं, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२

परंपरा थोडक्यांत अशी. कोणे एके काळीं परचक्राच्या त्रासानें स्वदेश सोडून निघालेल्या इस्राएली लोकांचें गलबत खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडकावर आपटून फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचें सामानसुमान व धर्मग्रंथ समुद्रांत गेले. जीं प्रेतें वाहून किनाऱ्यास लागलीं तीं त्यांनीं नवगांवीं पुरलीं. पुढें हे चौदा जण तेथेंच राहिले, तेल गाळूं लागले, आजूबाजूच्या गांवांतून पसरले. भाषा गेली, ग्रंथ गेले. राहिलें तें इतकेंच : शनिवारीं घाणा बंद ठेवणें, आठव्या दिवशीं मुलाची सुंता करणें, कांहीं सण व उपास, आणि 'शमा' ही इब्री प्रार्थना. शनिवारच्या सुटीवरून भोंवतालचे लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'.

ही परंपरा विस्तारानें लिहून ठेवण्याचें श्रेय हाईम सामुएल केहिमकर ह्यांस आहे. त्यांचें आडनांव नवगांवच्या शेजारच्या किहीम गांवावरूनच पडलेलें. त्यांनीं आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ त लिहून पुरा केला. परंतु तो ग्रंथ छापला गेला १९३७ त, तेल अवीव येथें, ग्रंथकर्त्याच्या पश्चात्. हस्तलिखित चाळीस वर्षें तसेंच पडून होतें. संग्राहकांस ह्यांतील बोध निराळा सांगावयास नको.

३

आतां काळाचा प्रश्न. केहिमकरांनीं गलबत फुटल्याचा काळ इ. स. पूर्वीं १७५ च्या सुमाराचा धरला. त्यांचा मुख्य आधार असा कीं, इ. स. पूर्वीं १६४ मध्यें यरुशलेमच्या मंदिराची पुनः शुद्धि झाली, तिच्या स्मरणार्थ यहुदी लोक हनुक्काचा सण पाळतात. हा सण बेने इस्राएलांस ठाऊक नव्हता. तेव्हां ते त्यापूर्वींच स्वदेशांतून निघाले असले पाहिजेत. अनुमान चतुर आहे, परंतु निर्णायक नाहीं. ज्या समाजाची भाषा व ग्रंथ दोन्ही नष्ट झालीं, त्यास एखादा सण ठाऊक नसणें म्हणजे तो त्यास कधींच ठाऊक नव्हता असें नव्हे. विस्मृति व अज्ञान हीं बाहेरून सारखींच दिसतात.

दुसऱ्या कांहीं अभ्यासकांनीं तेल गाळण्याच्या धंद्यावरून ह्या लोकांचें मूळ गालिल प्रांतांत शोधिलें. कारण त्या प्रांतांत जैतुनाचें तेल पुष्कळ निघत असे. पण कोंकणांत तेलाचा धंदा करण्यास गालिलांतून यावें लागत नाहीं. आणखी कोणी त्यांस एडनकडून, कोणी इराणच्या आखातांतून, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपास आणितात. हे सर्व तर्कच होत. ह्याच समाजांतील साक्षेपी लेखक बेंजामिन जे. इस्राएल ह्यांनीं १९८४ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत ह्या बाबतींत सावधपणा राखिला आहे, तो अनुकरणीय आहे.

२०१६ मध्यें ह्या समाजाच्या आनुवंशिक घटकांची तपासणी करून कांहीं शास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मतें ह्या समाजांत पश्चिम आशियांतील यहुद्यांचा व येथील लोकांचा असे दोन्ही अंश भरपूर असून त्यांचें मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं, म्हणजे सुमारें ६५० ते १०५० वर्षांपूर्वीं, झालें. ह्यामुळें समाजाच्या पश्चिमेकडील मूळास शास्त्राचा दुजोरा मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. परंतु मिश्रणाचा काळ व आगमनाचा काळ एक असलाच पाहिजे असें नाहीं. हें शास्त्रहि नवगांवच्या उंचवट्यांवर शक कोरून देत नाहीं.

४

दंतकथेंतील 'चौदा' ह्या आंकड्याकडे महाराष्ट्रांतील वाचकाचें लक्ष गेल्याशिवाय राहत नाहीं. चित्पावनांच्या उत्पत्तीची जी लोककथा प्रसिद्ध आहे, तींतहि समुद्रांतून वाहून आलेलीं चौदा प्रेतें परशुरामानें सजीव केलीं, असें सांगतात. आणि त्यांचीं गोत्रेंहि चौदाच. पारशी लोकांच्या 'किस्से संजान' ह्या १६०० च्या सुमारास रचलेल्या काव्यांतहि समुद्रांतील वादळ आहे. पश्चिम किनाऱ्यावर बाहेरून आलेल्या समाजानें आपल्या आरंभाची गोष्ट सांगतांना समुद्र, संकट व मोजकीं माणसें ह्यांचा आश्रय करावा, हा येथला रिवाजच दिसतो. म्हणून सात व सात हा आंकडा ऐतिहासिक गणतीचा नसून कथेचा आहे, असें मानणें अधिक सुरक्षित होय.

परंतु दोन कथांतील भेदहि तितकाच लक्षांत घेण्याजोगा आहे. एका कथेंत मेलेले उठतात. दुसरींत मेलेले पुरले जातात व जिवंत उरलेले कामास लागतात. पहिलीस स्थळाच्या साक्षीची गरज नाहीं. दुसरीस आहे, आणि ती साक्ष म्हणजे हे उंचवटे. आतां येथें एक शंका रास्त आहे. आधीं उंचवटे व मग त्यांवरून कथा, असेंहि घडलें असूं शकेल. समुद्रकांठच्या जुन्या ढिगांभोंवतीं कथा जमतातच. ह्या शंकेचें निरसन दंतकथा पुनः पुनः सांगून होणार नाहीं. त्यासाठीं लेखी साधनांकडे वळलें पाहिजे.

५

नवगांवापासून दक्षिणेस सहा-सात कोसांवर चौल बंदर आहे. टॉलेमीच्या ग्रंथांतील सिमुल्ला व अरब लेखकांचें सैमूर तें हेंच. हिजरी ३०४ मध्यें (इ. स. ९१६ च्या सुमारास) मसूदी तेथें आला. त्या वेळीं तेथें सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादि ठिकाणचे सुमारें दहा हजार मुसलमान राहत होते, असें तो लिहितो, व राजाचें नांव जांज म्हणून देतो. हा शिलाहार झंझ होय. इ. स. ९४२ च्या सुमाराचा प्रवासी अबू दुलफ मिसार ह्याच्या आधारें तेराव्या शतकांतील काझविनी सांगतो कीं, सैमुरांत मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी व अग्निपूजक असे सर्व लोक असून त्यांचीं निरनिराळीं प्रार्थनास्थानेंहि आहेत. अबू दुलफाच्या प्रवासवर्णनाच्या विश्वसनीयतेविषयीं विद्वानांत शंका आहेत; शिवाय हा उल्लेख दुसऱ्याच्या लेखणींतून आलेला. तरीहि दहाव्या शतकांत चौलास यहुदी असावे, ह्यास एवढा तरी लेखी आधार आहे. मात्र बंदरांतील व्यापारी यहुदी व खेड्यांतील तेली यहुदी हे एकच, असें ह्यावरून ठरत नाहीं. व्यापाऱ्यास पत्रव्यवहारासाठीं अक्षरें लागतात. नवगांवच्या लोकांजवळ अक्षरें नव्हतीं.

ताम्रपटांची व शिलालेखांची साक्ष पाहूं गेलें असतां हाच प्रकार अधिक स्पष्ट होतो. चिंचणी येथील शके ८४८ च्या (इ. स. ९२६) राष्ट्रकूट ताम्रपटांत संजानच्या 'ताजिक' अधिकाऱ्याचें, मधुमति सुगतिपाचें, नांव आहे, म्हणजे परदेशीय मनुष्याचें नांव राजशासनांत येण्यास प्रत्यवाय नव्हता. अलिबागजवळच्याच आक्षी येथील शिलालेख शं. गो. तुळपुळे ह्यांच्या वाचनाप्रमाणें शके ९३४ चा (इ. स. १०१२), म्हणजे ह्याच तालुक्यांत नऊ-दहा शतकांपूर्वीं मराठी अक्षर दगडावर कोरलें जात होतें. केरळाकडे पाहावें तर इ. स. ८४९ च्या कोल्लम येथील ताम्रपटांवर इब्री लिपींतील साक्षी आहेत, इ. स. १००० च्या सुमारास भास्कर रविवर्म्यानें योसेफ रब्बान ह्यास दिलेला ताम्रपट आहे; आणि चेन्नमंगलम् येथें इस्राएलाची कन्या सारा हिचा १२६९ सालचा समाधिशिलालेख आहे, तो हिंदुस्थानांतील उपलब्ध इब्री समाधिलेखांत सर्वांत जुना समजतात. तेथें एका स्त्रीचें नांव साडेसातशें वर्षें दगडावर राहिलें. येथें नवगांवीं संपूर्ण गलबताचीं माणसें दोन ढिगांत निनांवी पडलीं आहेत. हा भेद केवळ दैवाचा नव्हे. एका समाजाची लिपि टिकली, दुसऱ्याची बुडाली, त्याचा तो परिणाम होय.

ह्या बुडालेल्या स्थितीचे बाहेरून आलेले साक्षीदार मात्र आहेत. इ. स. १२०० च्या सुमारास मैमोनिदीस ह्या प्रख्यात यहुदी पंडितानें ल्युनेल येथील विद्वानांस पाठविलेल्या पत्रांत हिंदुस्थानांतील यहुद्यांविषयीं लिहिलें आहे कीं, त्यांस लेखी धर्मशास्त्र ठाऊक नाहीं. शब्बाथ व आठव्या दिवशींची सुंता एवढेंच ते जाणतात. हें वर्णन बेने इस्राएलांस जुळतें; पण त्यांत गांवाचें वा समाजाचें नांव नाहीं. नांवानिशीं उल्लेख येतो तो १७३८ त. सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्यानें त्या सालीं सुरत व राजपुरी ह्या बाजूस 'बेने इस्राएल' म्हणविणारे लोक असल्याचें ऐकून लिहून ठेविलें. पुढें १७६८ त कोचीनच्या यहेझकेल राहाबी ह्यानें हॉलंडांतील तोबियास बोआस ह्यास पाठविलेल्या पत्रांत अधिक माहिती आहे : हे लोक मराठ्यांच्या मुलुखांत विखुरलेले आहेत, तेलाचे घाणे चालवितात, कांहीं शिपाईगिरी करितात, आणि शब्बाथ व शमा ह्यांपलीकडे त्यांस धर्म ठाऊक नाहीं.

म्हणजे लेखी पुराव्याची निर्विवाद सीमा अठरावें शतक; अंधुक सीमा बारावें-तेरावें. त्यापलीकडे नवगांवची माती एकटीच बोलते.

६

मग ह्या मातीचें मोल काय? आमच्या मतें तें कालनिर्णयांत नाहीं. तें स्थलनिर्णयांत आहे.

बेने इस्राएलांचीं आडनांवें पाहावीं : नवगांवकर, केहिमकर, झिराडकर, चौलकर, नागांवकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. आडनांव ज्या गांवावरून पडलें, त्या गांवीं तें कुळ केव्हां तरी नांदत होतें, असें सामान्यतः धरावयास हरकत नाहीं. हीं गांवें नकाशावर मांडलीं असतां त्यांतील अनेक अलिबागच्या उत्तर-दक्षिणेस दाट पडतात व पेण-रोह्याकडे विरळ होत जातात. वस्ती चौल-अलिबागच्या किनाऱ्यावरून आंत गेली, आंतून किनाऱ्याकडे आली नाहीं, एवढें तरी ह्यावरून संभवनीय ठरतें. आडनांवांची साक्ष उंचवट्यांशीं जुळते. आणि दोहोंपैकीं एकहि दुसऱ्यावरून बनविलेली दिसत नाहीं. कथेवरून एखादें आडनांव घेतां येईल. गांवोगांवची अशी मालिका घेतां येणार नाहीं.

धर्मकृत्याची परंपराहि ह्याच टापूस धरून आहे. दावीद राहाबी नांवाच्या पुरुषानें ह्या लोकांस ओळखून धर्माचें शिक्षण दिलें व तीन कुळांस काजीपण दिलें, असें सांगतात. तीं कुळें झिराडकर, राजपुरकर व शापुरकर. राहाबीच्या काळाविषयीं मतभेद आहे. कोणी त्यास मध्ययुगांत नेतात, कोणी त्यास कोचीनच्या अठराव्या शतकांतील राहाबी घराण्यांतलाच समजतात. पण पहिल्या काजीकुळाचें झिराड हें गांव अलिबाग तालुक्यांतीलच होय. सणांचीं नांवेंहि पाहण्यासारखीं आहेत : खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. मंदिराच्या नाशाचा शोक करावयाचा तो बिरडें खाऊन. म्हणजे शोक यरुशलेमचा व वाल कोंकणचे. हा संयोग एकदोन पिढ्यांत होत नाहीं.

म्हणून आमचा निष्कर्ष असा : नवगांवचे उंचवटे गलबत कोणत्या सालीं फुटलें हें सांगत नाहींत, गलबत फुटलेंच हेंहि निर्णायकपणें सांगत नाहींत. परंतु निरक्षर झालेल्या एका समाजानें आपला आरंभ कोणत्या जागीं मानिला व त्या जागेची ओळख अनेक पिढ्या कशी जतन केली, ह्याचे ते अस्सल साधन होत. इतर समाज जें काम बखरीकडून किंवा वंशावळीकडून करून घेतात, तें येथें दफनभूमीनें केलें आहे.

कोणी म्हणेल, खणून पाहावें म्हणजे सर्व वाद मिटेल. आम्हांस हें मान्य नाहीं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें मृतांची जागा हलविणें वा उकरणें निषिद्धप्राय आहे. आणि ज्या समाजाचा दुसरा कोणताहि दस्तऐवज नाहीं, त्याचा हा एकमेव दस्तऐवज त्याच्या इच्छेविरुद्ध फोडण्याचा अधिकार संशोधनास पोहोंचत नाहीं.

७

न खणतां करण्याजोगें काम मात्र पुष्कळ आहे, आणि तें त्वरेचें आहे. १७९६ त सामुएल यहेझकेल दिवेकर ह्यांनीं मुंबईंत समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. पुढें कोचीनकडील शिक्षक आले. मिशनऱ्यांनीं शाळा काढिल्या. जॉन विल्सननें १८३२ त इब्री भाषेचें व्याकरण मराठींत लिहिलें. तेव्हांपासून हा समाज पुनः साक्षर झाला, व त्याच्या थडग्यांवर इब्री आणि मराठी अक्षरें येऊं लागलीं. कोंकणांतील गांवोगांवच्या दफनभूमींतील एकोणिसाव्या शतकांतील हे लेख म्हणजे ह्या समाजाच्या वंशावळींचें, गांवांचें व धंद्यांचें अव्वल दर्जाचें साधन होय. परंतु १९४८ नंतर समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. त्या वेळीं सुमारें वीस हजार असलेला समाज आज येथें कांहीं हजारांवर आला आहे. ज्या गांवीं एकहि घर उरलें नाहीं, तेथील दफनभूमीचा वारस कोण? खारी हवा व पाऊस दगडावरील अक्षर खातात. वाढत्या वस्तीस मोकळी जमीन दिसते. अक्षर नसलेले उंचवटे इतकीं शतकें टिकले, कारण त्यांस ओळखणारीं माणसें जवळ होतीं. अक्षर असलेलीं थडगीं ओळखणाऱ्यांच्या अभावीं शंभर वर्षांत जातील.

वाचकांपैकीं ज्यांस ह्या कामीं साह्य करावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन-तीन सूचना करून ठेवितों. पहिली, थडग्यावरील लेखाचा ठसा किंवा छायाचित्र समाजाच्या परवानगीनेंच घ्यावें, व तें घेतांना दगडाची जागा आणि दिशा टिपावी. दुसरी, इब्री शक असल्यास तो अक्षरांनीं लिहिलेला असतो व त्यांत पांच हजाराचा आंकडा बहुधा सोडलेला असतो. पूर्ण आंकड्यांतून ३७६० वजा केले असतां इसवी सन मिळतो. मात्र वर्षारंभ शरद ऋतूंत होत असल्यामुळें त्या वेळेपासून डिसेंबरअखेरच्या तिथींस ३७६१ वजा करावे. उदाहरणार्थ, ५६०९ हें वर्ष १८४८ च्या शरदांत सुरू होऊन १८४९ त संपतें.

तिसरी सूचना दफ्तरें वाचणारांस. ह्या समाजांतील पुरुषांचीं जुनीं नांवें मराठी वळणाचीं असत : अब्राहामाचा आबाजी, सामुएलचा सामाजी, बेंजामिनचा बुनाजी. आंग्र्यांच्या आरमारांतहि हे लोक नोकरीस होते. तेव्हां कुलाब्याकडील जुन्या कागदांत, घाण्यांवरील आकाराच्या यादींत किंवा शिबंदीच्या हजिरींत, असा एखादा आबाजी आपण हिंदु समजून पुढें टाकिला असण्याचा पुष्कळ संभव आहे. 'शनवार तेली' हे दोन शब्द जेथें आढळतील, तो कागद बाजूस काढून त्याची नक्कल करावी. १७३८ पूर्वींचा असा एक जरी अस्सल कागद हातीं आला, तरी लेखी पुराव्याची निर्विवाद सीमा तितकीच मागें सरेल, व नवगांवच्या मातीस एक बोलका सोबती मिळेल.